कुसुमताई आणि मधली गाठ

जानेवारीतला दुसरा शनिवार, सकाळचे साडेदहा. रक्कम रुपये पंचवीस हजार, आगाऊ. ठिकाण अकोल्यातल्या एका खाजगी दवाखान्याची पैसे भरायची खिडकी. हजर तिघं: कुसुमताई, त्यांचे धाकटे दीर साहेबराव आणि मी. पावती माझ्या हातात आली, कारण कागदपत्रं सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. दुपारी दीड वाजता त्याच खिडकीतून ते पंचवीस हजार परत मिळाले. दवाखान्यानं भरलेले पैसे आपणहून परत केले तर माणसाला बरं वाटायला हवं. आम्ही तिघं मात्र खिडकीपाशी एकमेकांकडे न बघता उभे होतो. पैसे परत मिळाले याचा अर्थ सुई लावायला डॉक्टर नाही म्हणाले होते.

कुसुमताई अमरावतीत आमच्या शेजारच्या घरात राहत. यजमान जिल्हा परिषदेत नोकरीला होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मोर्शीजवळ चार एकर संत्र्याची बाग होती, ती त्यांनीच सांभाळली. बागेला लागूनच साहेबरावांचं वावर. दिवसाआड सकाळच्या एसटीनं त्या बागेत जात आणि संध्याकाळी परत येत. वय साठीच्या पुढे, अंगानं भरलेल्या, आवाज असा की आमच्या घराची मागची खिडकी बंद असली तरी त्या फोनवर कोणाला रागावताहेत ते कळायचं.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. त्यामुळे कुसुमताईंनी माझं नाव सुनंदा असूनही मला ‘हिशेबवाली’ करून टाकलं होतं.

एसटीत त्या हटकून खिडकीशी बसत. हवेसाठी नाही, तर रस्त्यालगतच्या बागा बघण्यासाठी. आणि बघून गप्प बसणं त्यांना जमायचं नाही. “पाय, पाय वं, त्या येड्यानं आत्ताच पाणी सोडलं! काहून घाई झाली रे तुले?” हे त्या बाहेरच्या रिकाम्या बागेला उद्देशून बोलत आणि आतले चाळीस प्रवासी ऐकत. एकदा तर त्यांनी कंडक्टरला घंटी मारायला लावली, खाली उतरून एका अनोळखी शेतकऱ्याला त्याच्या झाडांभोवतीची पाण्याची आळी कशी चुकली ते सांगितलं, आणि परत येऊन बसल्या. गाडी थांबली म्हणून एक प्रवासी कुरकुरला. कुसुमताईंनी पिशवीतलं संत्रं काढून त्याच्या हातावर ठेवलं. “खाय. तुह्या दोन मिनिटाचे झाले.”

खायला घालणं हा त्यांचा स्वभाव होता, आणि धंद्याची रीतही. संत्र्याचा व्यापारी बाग बघायला येतो, झाडावरच्या मालाचा अंदाज घेतो आणि उभ्या बागेचा सौदा करतो. कुसुमताईंकडे आलेल्या व्यापाऱ्याला आधी जेवावं लागे. झाडाखाली सतरंजी, गोवरीवर भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी, वर तूप. तो म्हणायचा, बाई, आधी भाव बोलू. त्या म्हणायच्या, “उपाशी माणसासंगं मी भाव करत नाई. उपाशी माणूस एक तं घाई करते, नाई तं भांडते. दोन्हीत खोट हाये.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की पुढे त्या स्वतः काय करत होत्या ते माझ्या लक्षात यायला इतका वेळ लागला याचं मला आजही नवल वाटतं.

त्यांचा आणखी एक नियम होता. दवाखान्याच्या प्रवासात चहा-नाश्त्याचे पैसे आजारी माणसानं द्यायचे. “ज्याचं दुखणं, त्याचा नाश्ता.” पहिल्यांदा अमरावतीत त्यांच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून हा नियम त्यांनी लावला. मी पर्स उघडली की त्या माझ्या मनगटावर हात ठेवत. हात जड होता.

त्या ऑपरेशनात आतड्यातली कॅन्सरची गाठ निघाली. पुढे सहा महिने औषधांचे डोस झाले. वर्षभर बरं गेलं. नंतरच्या नोव्हेंबरात स्कॅनमध्ये लिव्हरवर तीन गाठी दिसल्या. फुप्फुसात काही नाही, पोटात इतरत्र काही नाही, फक्त तिथं तीन. एक उजवीकडे कडेला, एक खाली, एक मध्ये खोल. कुसुमताई बागेतल्या झाडांना नावं ठेवत नसत, ओळ आणि नंबर सांगत. तिसऱ्या ओळीतलं सातवं, पाचव्यातलं दुसरं. गाठींनाही त्यांनी तसंच केलं. उजवी, खालची, मधली. डॉक्टरकडे गेल्यावर पहिला प्रश्न हाच, “मधली काय म्हणते?”

अमरावतीच्या सर्जनांनी सांगितलं की कापून काढायचं तर लिव्हरचा फार मोठा भाग जाईल. त्यांनी अकोल्याला पाठवलं. तिथं एक तरुण डॉक्टर नागपूरहून दर शनिवारी येत. त्यांनी फिल्म उजेडाला धरून नीट समजावलं. पोट उघडायचं नाही. बाहेरून लांब सुई घालायची, सोनोग्राफीत बघत बघत गाठीच्या मध्यावर न्यायची आणि तिचं टोक तापवायचं. गाठ आणि तिच्या भोवतीची थोडी जागा भाजून निघते.

“वांगं भाजते तसं?” कुसुमताई म्हणाल्या.

डॉक्टर हसले. “साधारण. फक्त इथं आतून बाहेर भाजत येतं. म्हणून गाठ लहान असली तर पूर्ण होते. तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली की कडेला कच्चं राहायची भीती.”

“अन् कच्चं राह्यलं तं?”

“तर तिथूनच परत वाढतं.”

“मधली केवढी हाये?”

“दोन पूर्णांक एक.”

साहेबराव इतका वेळ टोपी मांडीवर ठेवून बसले होते. सडपातळ, कमी बोलणारे, वहिनीसमोर तर फारच कमी. ते एकदम म्हणाले, “डॉक्टरसाहेब, सुई खुपसली का हे पसरते म्हणतात. आमच्या गावात एकाचं तसंच झालं. एका जागी निजून हाये तं निजू द्या ना.”

डॉक्टरांनी उडवून लावलं नाही. म्हणाले, तशी शक्यता असते, पण अगदी थोडी. काही न करता बसण्याचा धोका तिच्याहून पुष्कळ मोठा आहे. आणि या गाठी निजलेल्या नाहीत. रक्तातून मिळेल ते ओढून घेतात आणि वाढतात.

हे शेवटचं वाक्य कुसुमताईंनी उचललं. आम्हाला कळलं नाही. पुढच्या तारखा गर्दीमुळे भरलेल्या होत्या, आधी काही तपासण्याही व्हायच्या होत्या. त्यांना जानेवारीतला दुसरा शनिवार मिळाला.

मधल्या दिवसांत, डिसेंबर सरता सरता, मी एका रविवारी त्यांच्यासोबत बागेत गेले. बाग ताणावर होती. संत्र्याच्या झाडाचं पाणी हिवाळ्यात महिना-दीड महिना तोडतात. पानं मलूल होतात, झाडाची वाढ थांबते, आणि मग पाणी सोडलं की सगळं झाड फुलांवर येतं. त्यालाच ताण देणं म्हणतात. ताण कमी झाला तर फूल कमी, जास्त झाला तर फांद्या वाळतात. कधी थांबायचं ते पान हातात घेऊन ठरवावं लागतं. त्या दिवशी सगळी बाग भेगाळलेल्या काळ्या मातीत पानं दुमडून उभी होती. आणि तिसऱ्या ओळीत एकाच झाडाच्या आळ्यात ओल होती. बुंध्यावर साल खरवडलेली आणि त्यावर निळसर लेप. कुसुमताई बादलीनं त्या झाडाला पाणी घालत होत्या.

“याला का पाणी?” मी विचारलं.

“डिंक्या लागला त्याले. खोडातून डिंक वायते. जेवढी साल सडली तेवढी खरवडली, बोर्डोपेस्ट लावलं. बिमार झाडाले ताण देत नसतात, मरते ते.” आणि लगेच मला दटावलं, “पाय सांभाळ, आळं मोडशील.”

त्या बादली उचलताना मध्येच थांबल्या, झाडाला टेकल्या. स्वेटर, वरून शाल, डोक्याला रुमाल, थंडी होतीच. त्यात त्यांचं अंग किती उतरलं आहे ते दिसलं नाही. दुपारी त्यांनी मला दोन भाकरी वाढल्या, स्वतः “माह्यं झालं सकाळीच” म्हणाल्या.

आता तो शनिवार. पंचवीस हजार भरून आम्ही वर गेलो. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी वजन करायला सांगितलं. नोव्हेंबरच्या कागदावर अठ्ठावन्न किलो होतं. काट्यावर एक्कावन्न आलं. त्यांनी पुन्हा उभं केलं. पुन्हा एक्कावन्न. रक्त तपासलं, तर प्रोटीन फार खाली. मग नागपूरचे डॉक्टर आले आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झालेला मी पाहिला.

“आजी, जेवण जातं ना?”

“जाते.”

“उलटी? मळमळ? पोट फुगतं?”

“काईच नाई.”

“मग सात किलो कुठं गेले?”

कुसुमताईंनी शाल घट्ट ओढून घेतली. डॉक्टरांनी तातडीनं स्कॅन करायला पाठवलं. दाराबाहेर त्यांनी मला सांगितलं की काही कारण नसताना एवढं वजन उतरतं तेव्हा आजार लिव्हरच्या बाहेर निघालेला असू शकतो. तसं असेल तर तीन जागा भाजून उपयोग नाही. या उपचाराचा अर्थच तो आहे, आजार मोजक्या जागी असेल तोवर त्या जागा संपवायच्या.

स्कॅनला तास गेला. साहेबराव जिन्यात उभे राहिले. ते एकच वाक्य बोलले, “मी म्हणलोच होतो,” आणि त्यांना स्वतःलाच ते आवडलं नाही, कारण सुई तर अजून लागलीच नव्हती.

स्कॅनमध्ये नवीन काही नव्हतं. तीनच गाठी. पण मधली दोन पूर्णांक सहा झाली होती. डॉक्टर म्हणाले, “आज भूल द्यायला शरीर तयार नाही. तीन आठवडे देतो. वजन उतरायचं थांबलं पाहिजे, प्रोटीन वर आलं पाहिजे. आणि मधली तीनच्या आत राहिली पाहिजे. वजनाचं कारण मला अजून कळलेलं नाही, आणि ते मला आवडत नाही.”

दीड वाजता पैसे परत घेतले आणि अमरावतीची एसटी धरली.

मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली. तिथं एक आलूबोंड्याची गाडी लागते, वर रस्सा आणि तर्री घालून देतात. कुसुमताई उतरल्या, दोन प्लेटी घेतल्या, एक साहेबरावांना दिली, एक मला. पैसे दिले.

“तुमची?” मी म्हटलं.

“मले नोको.”

“सुई लागणार म्हणून सकाळपासून उपाशी आहात. आता तर काही नाही ना, खा.”

“माह्यं चालू हाये.”

“काय चालू आहे?”

त्यांनी साहेबराव लांब आहेत ना ते पाहिलं. मग आवाज उतरवून, पण अगदी ताठ मानेनं म्हणाल्या, “ताण.”

मी चमचा प्लेटमध्ये ठेवून दिला.

“डॉक्टर म्हणे ना, मिळंन ते ओढून घेतात. मंग त्याइले मिळू कायले देऊ? दोन टाईम अर्धी भाकर अन् ताक, बस. झाडाले ताण देल्ला का झाड फालतूचं टाकून देते, कामाचं धरते. तशी मी देऊन राहिली. सुई लागली का पाणी सोडतो. मंग पायजो.”

“डॉक्टरांना का नाही सांगितलं?”

“त्याले काय समजते बागेतलं?”

गाडी सुटली. साहेबराव पुढच्या बाकावर झोपले. मी माझ्या परीनं आकडे सांगितले. नोव्हेंबरात अठ्ठावन्न, आज एक्कावन्न. मधली तेव्हा दोन पूर्णांक एक, आज दोन पूर्णांक सहा. “तुम्ही वाळलात, ती वाढली. कोण कोणाला ताण देतंय?”

“पान कोमेजल्याशिवाय फूल येत नाई,” त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

मला राग आला होता. दोन महिने मी त्यांच्या फायली क्रमानं लावत होते, आणि त्या शेजारच्या घरात एकट्या बसून अर्धी भाकर खात होत्या. पण राग कसा बोलावा ते सुचेना. बडनेरा आलं. मग मी विचारलं, “तिसऱ्या ओळीतल्या सातव्या झाडाला पाणी का घालत होता?”

“बिमार हाये ते,” त्या ताबडतोब म्हणाल्या. बागेतलं कोणी काही विचारलं की त्या अशाच ताबडतोब उत्तर देत.

अमरावती दिसायला लागली तेव्हा म्हणाल्या, “मी का झाड हाओ?”

“ते तुम्ही ठरवलं. मी नाही.”

स्टँडवर त्या माझ्याशी न बोलता ऑटोत बसल्या. साहेबरावांनी मला विचारलं, काय झालं. मी म्हटलं, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दार वाजलं. कुसुमताई उभ्या, हातात स्टीलचा डबा.

“रातची भाकर हाये का वं? माह्या घरी काई नाई.”

मी त्यांच्या घरात जाऊन पाहिलं. ज्या घरात कोणीही गेलं तरी पुढ्यात ताट यायचं, त्या घरात पीठ डब्याच्या तळाला गेलेलं आणि भाज्यांची टोपली पालथी घातलेली होती.

सोमवारी मी डॉक्टरांना नागपूरला फोन लावून दिला, पण बोलल्या त्या स्वतः. “डॉक्टरसाहेब, खोटं बोलली मी. जेवण जात नव्हतं असं नाई, मीच जाऊ देत नव्हती.” पलीकडून डॉक्टरांनी ताण म्हणजे काय ते विचारलं. कुसुमताईंनी अगदी सुरुवातीपासून सांगितलं, मातीच्या भेगांसकट. डॉक्टर बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. मी वेगळ्याच गोष्टीला भीत होतो.” आणि अंडी, डाळ, दूध, दाण्याचा कूट असं सगळं सांगितलं. एकदम नाही, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा.

अंडं त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं. आमच्या मागच्या ओट्यावर पाटावर बसून, डोळे मिटून, ठेचा लावून त्या उकडलेलं अंडं गिळत. घरात नाही, ओट्यावर. एका सकाळी नेमके साहेबराव आले.

“वैनी, अंडं?”

“औषध हाये हे.”

“ठेचा लावून?”

“तुमी गोळीसंगं पाणी पेता का नाई? तसा ठेचा. उभे काहून हा? बसा अन् सोला दुसरं.”

साहेबराव बसले. त्यांनीही आयुष्यात अंड्याला हात लावला नव्हता. टरफलासोबत अर्धं अंडंही निघून आलं. कुसुमताई म्हणाल्या, “संत्रं सोलल्यावानी नोका सोलू, अंडं हाये ते.” बऱ्याच दिवसांनी त्या ओट्यावर कोणीतरी मोठ्यानं हसलं.

पण खाणं सोपं नव्हतं. दोन महिने आकसलेलं पोट दोन घासांत भरे. कधी सगळं उलटून येई आणि मग त्या भिंतीला टेकून बसत, कपाळावर घाम. “झाडाले जास्ती ताण बसला ना,” एकदा म्हणाल्या, “तं मंग पाणी देल्लं तरी ते घेत नाई.” त्या दिवशी मला खरी भीती वाटली. अर्ध्या तासानं त्यांनी पुन्हा वाटी मागितली.

अंगणात संत्र्याचे कॅरेट मोजायचा काटा होता. दर रविवारी त्या त्यावर चढत आणि मी आकडा वाचे. एक्कावन्न. बावन्नला थोडं कमी. साडेबावन्न. याच दिवसांत साहेबरावांनी बागेला पाणी सोडलं. फोन आला की त्या विचारत, कळी दिसते का? आणि मला विचारत, “मधली काय करत असंन वं आता?” त्याला माझ्याकडे आकडा नव्हता.

फेब्रुवारीतला पहिला शनिवार. पुन्हा तीच खिडकी, तीच रक्कम. वजन त्रेपन्न. प्रोटीन चालण्यासारखं. मधली दोन पूर्णांक आठ.

“तीनच्या आत आहे,” डॉक्टर म्हणाले. “सकाळपासून काही खाल्लं नाही ना?”

“आज तुमीच ताण सांगतला ना,” कुसुमताई म्हणाल्या. डॉक्टर हसले तशा त्या पुढे म्हणाल्या, “मंग आता हासता काहून?”

स्ट्रेचरवर आडव्या झाल्यावर त्यांनी पिशवी साहेबरावांकडे दिली. साहेबरावांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्यांच्या उशाशी ठेवली. संत्र्याच्या कळ्या होत्या, काही उमललेल्या. सगळ्या कॉरिडॉरला तो वास लागला. नर्सनं पुरचुंडी बाजूला काढून ठेवली, नियमच तसा असेल.

अडीच तास. साहेबराव बाकावर पिशवी छातीशी धरून बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “दादा गेले तवा मी असाच बसलो होतो. तवापासून दवाखान्याचं नाव निघालं का मी नाई म्हणतो. वैनीले वाटते मी अडाणी हाओ.” मी म्हटलं, त्यांना तसं वाटत नाही. ते म्हणाले, “वाटते. पण वाटू द्या.”

डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली. उजवी आणि खालची नीट झाल्या. मधलीच्या एका कडेला मोठी रक्तवाहिनी होती. तिथली उष्णता वाहतं रक्त घेऊन जातं, म्हणून सुई थोडी सरकवून त्या कडेला दुसऱ्यांदा तापवलं. “माझ्याकडून पूर्ण केलं आहे. पण ती कड कच्ची राहिली की नाही ते स्कॅनशिवाय सांगणार नाही.”

सहा आठवडे आम्ही त्या कडेवर काढले. स्कॅनच्या दिवशी कुसुमताईंनी फिल्मकडे पाहिलंच नाही, डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत बसल्या. “मधली काय म्हणते?”

“काही म्हणत नाही,” डॉक्टर म्हणाले. “मेली.”

परतताना मूर्तिजापूरला त्यांनी तीन प्लेटी घेतल्या आणि आपली सगळ्यात आधी संपवली.

त्यानंतर त्यांना दोन बहार पूर्ण मिळाले. व्यापाऱ्यांना जेवू घातलं, एसटीतून बागांना शिव्या घातल्या, तिसऱ्या ओळीतल्या सातव्या झाडाची संत्री मला आणून दिली. मध्ये एकदा एक नवी गाठ आली, एकच, लहान. तिलाही सुई लागली. तेव्हा त्या आदल्या रात्री पोटभर वरण-रोडगे खाऊन गेल्या. ताणाचं नाव त्यांनी स्वतःसाठी पुन्हा काढलं नाही. कोणी दुसरा पेशंट भेटला आणि ‘भूक मारतो म्हणजे गाठ मरते’ असं काही बोलला, तर मात्र त्याला सगळ्या दवाखान्यासमोर झापत.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला खोकला आला. स्कॅन झालं. डॉक्टरांनी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर आणली, टेबलाच्या पलीकडे बसले नाहीत. फुप्फुसात होतं, पोटाच्या पडद्यावर होतं. मोजण्यासारखं राहिलं नव्हतं.

“सुई?” कुसुमताईंनी विचारलं.

“नाही, आजी. सुई दोन-चार जागांसाठी असते.”

“साऱ्या बागेतच निघालं तं मंग.”

“हो.”

त्यांनी मान हलवली. पदर सारखा केला. “बरं सांगतलं तुमी. लपोलं नाई.” औषधं, दुखण्यासाठी गोळ्या, पुढे घरी काय करायचं ते मी लिहून घेतलं. दुसऱ्याच दिवशी साहेबराव त्यांना बागेजवळच्या आपल्या घरी घेऊन गेले आणि तीन आठवड्यांनी तिथंच त्या वारल्या. मला तिकडे जाणं जमलं नाही, त्यामुळे अखेरची भेट म्हणजे ही अकोल्याची फेरीच. तेवढं लिहून थांबते.

अकोल्याहून परतताना आम्ही दोघीच होतो. मूर्तिजापूरला गाडी थांबली. मी म्हटलं, बसून राहा, मी चहा आणते. त्या उतरल्याच, दांडीला धरून, एक एक पायरी. गाडीवाल्याला म्हणाल्या, “दोन प्लेट. तर्री जास्त टाक.”

माझी प्लेट मला दिली. आपल्या प्लेटमधला बोंडा त्यांनी चमच्यानं फोडला, एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ घोळवला आणि गिळला. दुसरा घेतला नाही. तोंड वाकडंही केलं नाही. प्लेट माझ्याकडे सरकवली.

“खाय.”

“ताई, माझं पोट—”

“खाय वं. उपाशी माणसासंगं मी इतक्या लांबचा प्रवास करत नाई.”

मी दोन्ही प्लेटी खाल्ल्या. उभ्यानं, तर्रीनं नाक वाहत, पदरानं पुसत. कुसुमताई गाडीच्या खांबाला धरून उभ्या होत्या आणि मी शेवटचा घास घेईपर्यंत माझ्याकडे बघत होत्या, ताणातून सोडलेल्या झाडाकडे बघावं तशा. कंडक्टरनं शिटी मारली. मी पर्स उघडली. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. आता त्या हाताला वजन नव्हतं, पण मी पर्स बंद केली.

दिलेली रक्कम रुपये साठ. घेणारा, मूर्तिजापूर स्टँडवरचा आलूबोंडेवाला. देणार कुसुमताई. हजर, मी.